किर्लोस्करवाडी कशावर उभी राहिली: एका माणसाच्या हिमतीवर की औंधच्या आश्रयावर?

(चर्चेतील सर्व नावे टोपणनावे आहेत.)

माळरान (मूळ मांडणी)

उद्योजकतेचा इतिहास आपल्याकडे चरित्रांच्या अंगाने सांगितला जातो. एक माणूस नोकरी सोडतो, हालअपेष्टा सोसतो आणि शेवटी कारखाना उभा करतो. या सांगण्यात भांडवल कोणी दिले, जागा कोणाची होती आणि नुकसान झाले असते तर ते कोणाच्या अंगावर आले असते, हे प्रश्न बाजूला पडतात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले आणि पुढे कडबाकुट्टी (कडबा कापायचे यंत्र) व लोखंडी नांगर तयार करायला सुरुवात केली. त्यांना बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंध संस्थानाचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळचा सुमारे ३२ एकर माळ आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले, म्हणून १९१० मध्ये किर्लोस्करवाडी ही कारखान्याची वसाहत वसली. ओगले बंधूंचा काचकारखानाही याच संस्थानाच्या हद्दीत, कराडजवळ उभा राहिला आणि तिथला प्रभाकर कंदील घरोघरी गेला. एवढ्याशा संस्थानात असे दोन कारखाने निघावेत, हा योगायोग मला वाटत नाही. उद्योजक हवेत उगवत नाही, त्याच्यासाठी आधी कोणीतरी जमीन तयार करून ठेवलेली असते, असे माझे ठाम मत आहे.

रोजमेळ

आपण दिलेल्या घटना मला मान्य आहेत, परंतु त्यांचा क्रम आपण उलटा लावला आहे. औंधचे दहा हजार रुपये १९१० मध्ये मिळाले आणि बेळगावचे दुकान १८८८ चे आहे, म्हणजे मधली बावीस वर्षे या माणसाने कोणत्याही संस्थानाच्या आधाराविना धंदा केला. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधली शिक्षकाची नोकरी, बढती डावलली गेल्यावर, त्यांनी सोडली होती. लोखंडाने जमिनीला विष चढते अशी शेतकऱ्यांची समजूत असताना त्यांनी लोखंडी नांगर तयार केला. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली असे सांगतात. त्या दोन वर्षांत ओतीव लोखंडात आणि मजुरीत अडकलेला पैसा कोणाचा होता? राजाने जे पाहिले ते या बावीस वर्षांचे काम होते, आणि पत आधी कमावलेली असल्यामुळेच कर्ज नंतर मिळाले.

शिवाय ३२ एकर हा शब्द ऐकायला भारदस्त वाटतो, पण तो निवडुंगाने भरलेला आणि नागांचा वावर असलेला, पाण्याचे दुर्भिक्ष असलेला माळ होता. तसले माळ दख्खनच्या प्रत्येक संस्थानात पडून होते. त्यांवर वसाहती का उभ्या राहिल्या नाहीत, याचे उत्तर आपल्या मांडणीत मिळत नाही.

माळरान

रोजमेळ यांचा क्रमाचा मुद्दा योग्य आहे आणि मी तो स्वीकारतो. तरीही पत कमावणे आणि त्या पतीवर बिनव्याजी रक्कम मिळणे यांत फार मोठे अंतर आहे. पत कमावलेले कितीतरी कारागीर त्या काळी सावकाराच्या व्याजात बुडाले. पंतप्रतिनिधींनी दिलेले दहा हजार रुपये अखेर रयतेने भरलेल्या शेतसाऱ्यातूनच उभे राहिले असणार. कारखाना बुडाला असता तर तो तोटा काही अंशी त्या रयतेचाही ठरला असता, मात्र कोणत्याही चरित्रात ती जोखीम घेणारी म्हणून उभी राहत नाही. पहिल्या महायुद्धात कच्च्या लोखंडाची टंचाई झाली तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवण्यासाठी दिल्या, हेही येथे नोंदवले पाहिजे. मोठ्या प्रमाणावर हेच टाटांच्या पोलाद कारखान्याचे झाले. १९०७ मध्ये मुंबईत तीन आठवड्यांत सुमारे आठ हजार भागधारकांनी भांडवल भरले, आणि सरकारने दहा वर्षे दरसाल वीस हजार टन रूळ घेण्याचे मान्य केले. गिऱ्हाईक आधी ठरले होते.

गव्हाण

दोन्ही बाजू पैशाबद्दल बोलत आहेत, वस्तूबद्दल कोणीच बोलत नाही, म्हणून लिहितो. आमच्या आजोबांच्या गोठ्यात एक जुनी कडबाकुट्टी होती. मोठे ओतीव चाक, त्याच्या आऱ्यांना बसवलेली दोन वाकडी पाती, आणि समोर कडब्याची पेंढी सरकवण्यासाठी पन्हळीसारखा भाग. लहानपणी आम्हांला तिच्याजवळ फिरकू देत नसत. न कापलेला कडबा टाकला की जनावर पाने खाते आणि ताटांचे जाड बुडखे गव्हाणीत तसेच राहतात. बारीक कापून टाकला की बुडख्यासकट सगळे पोटात जाते. फेब्रुवारीतच कडबा संपत आलेल्या घरात या यंत्राने काय फरक पडला असेल, हे ज्याने उन्हाळ्यात वैरण विकत घेतली आहे त्याला सांगावे लागणार नाही. मालकाने जनावर वाढवले नाही, रान वाढवले नाही, तरी त्याच कडब्यावर जनावरे अधिक दिवस निघाली. हा वाया जाणारा बुडखा सगळ्यांना दिसत होता, आणि तो वाचवणारे यंत्र शेतकऱ्याच्या ऐपतीत आणून देता येईल हे एका सायकल विकणाऱ्याला सुचले. अर्थव्यवस्थेतली उद्योजकाची भूमिका मला याच ठिकाणी दिसते. कोणत्याही राजाने ती सुचवलेली नव्हती.

अलुतं-बलुतं

गव्हाण यांचे वर्णन पटते, पण त्याची दुसरी बाजूही मांडायला हवी. लाकडी नांगर गावचा सुतार करून देत असे, फाळ लोहार शेवटून (झिजलेले टोक तापवून नीट करून) देत असे, आणि दोघांनाही सुगीत खळ्यावर बलुते मिळे. लोखंडी नांगर रोख पैशाने कारखान्यातून आला, आणि मोडला तर त्याचा सुटा भागही कारखान्यातूनच मागवावा लागला. त्या बलुत्याचे काय झाले? उद्योजकाने निर्माण केलेली संपत्ती मोजताना हा वजाबाकीचा आकडा कोणीही मांडत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

रोजमेळ

हा आक्षेप गंभीर आहे आणि तो मी टाळणार नाही. लोहाराचे बलुते घटले हे खरे. मात्र हरळी आणि कुंदा ही चिवट तणे माजलेले काळे रान लाकडी नांगराने उलथत नव्हते, ते वर्षानुवर्षे पडीक राहत होते, आणि पडीक रानातून सुतारालाही काही मिळत नव्हते. ते रान लागवडीखाली आल्यावर गावात वाढलेले धान्य आपल्या वजाबाकीच्या शेजारी मांडावे लागेल. कोणता आकडा मोठा भरेल हे गावागणिक बदलेल, पण एकच आकडा मांडून हिशेब पुरा होत नाही.

गव्हाण

एक भर घालतो, कारण ती मूळ मांडणीच्याही उपयोगाची आहे आणि तिच्या विरोधातही जाते. जड लोखंडी नांगराला दोन बैल पुरत नसत, भारी रानात चार-चार जोड्या जुंपाव्या लागत. एवढी जनावरे एका घरात क्वचितच असत. म्हणून नांगर एकाचा, बैल चार घरांचे, आणि सर्वांची राने पाळीपाळीने इर्जिक घालून नांगरली जात. ज्याचे रान, त्याच्या घरी त्या दिवशी सगळ्यांचे जेवण. किर्लोस्करवाडीच्या विक्रीच्या वहीत त्या नांगराची नोंद एका गिऱ्हाईकाच्या नावावर झाली असेल, परंतु तो चालवायला चार घरे एकत्र यावी लागली, आणि ती औंधच्या राजाने आणली नव्हती की कारखानदाराने.