शब्दचर्चा : नेपथ्य, दृश्यरचना की मांडणी?

प्रश्न : एका लेखात वाचलं, 'या चित्रपटाचं नेपथ्य कथा पुढे नेतं.' नाटकाच्या जाहिरातीत 'नेपथ्य' वाचायची सवय आहे, पण सिनेमाला हा शब्द चालेल का? आणि फ्रेंच 'मीजांसेन'ला, म्हणजे चौकटीत जे जे दिसतं त्या सगळ्याच्या रचनेला, आपण काय म्हणायचं?

उत्तर : मला खटकतो. संस्कृत नाटकात 'नेपथ्ये' अशी सूचना आली की आवाज आतून, रंगपटातून येतो आणि बोलणारा दिसत नाही. पात्राचा वेश हाही नेपथ्याचाच अर्थ. मराठी रंगभूमीवर मात्र हा शब्द सेटला जाऊन चिकटला. गंमत बघा, न दिसणाऱ्या जागेचं नाव सगळ्यात आधी दिसणाऱ्या गोष्टीला! 'नेपथ्यात राहून काम केलं' म्हणताना जुना अर्थ अजून डोकावतो.

सिनेमाच्या श्रेयनामावलीत 'कलादिग्दर्शन' रुळलंय, पण ते सेट, प्रॉपर्टी, रंग यांच्यापाशी थांबतं. माणूस कुठे उभा, उजेड कुठून, कॅमेरा किती लांब, हे सगळं मीजांसेनमध्ये येतं. 'दृश्यरचना' अचूक आहे, पण कोरडा.

माझं मत 'मांडणी'ला. आपण पूजा मांडतो, चूल मांडतो, डाव मांडतो, संसार मांडतो आणि गाऱ्हाणंही मांडतो. वस्तू जागच्या जागी ठेवणं आणि म्हणणं पुढे करणं, दोन्ही एकाच क्रियापदात!

चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (२०१४) आठवा. कॅमेरा बहुतेक वेळा लांब, जागचा न हलणारा. लोकशाहिरावर खटला चालू आहे, पण चौकटीत तो एकटा नाही : न्यायाधीश, वकील, टंकलेखक, बाकांवर आपापल्या तारखेची वाट बघणारी माणसं. त्याचा खटला म्हणजे त्या दिवसाच्या कामातलं एक काम, हे कुणी संवादात सांगत नाही. शेवटाकडे सुट्टी लागते, खोली रिकामी होते, दिवे मालवतात, दार बंद होतं आणि आपण काळोखाकडे बघत बसतो. याला 'सेट छान होता' म्हणून कसं भागेल?

शंका : 'मांडणी' फार स्थिर वाटते. सिनेमात माणसं हलतात. ब्लॉकिंगचं, म्हणजे नटांनी कुठे उभं राहायचं, कसं हलायचं ते ठरवण्याचं, काय?

उत्तर : पट मांडल्याशिवाय सोंगट्या कुठे हलतात? तरी शंका रास्त आहे. हालचालींसाठी नाटकवाल्यांचं 'बसवणं' मस्त आहे. नाटक 'बसवतात', प्रवेश 'बसवतात', आणि त्यात नट दिवसभर उभेच असतात! सिनेमा मात्र आपण 'काढतो'. सेटवर कुणी 'मांडणी' म्हणेल असा माझा दावा नाही. तिथे 'फ्रेम लावा' हेच ऐकू येणार. लिहिताना वापरून बघा.

मूळ प्रश्नकर्ता : लेखातलं वाक्य बदलून आईला वाचून दाखवलं, 'या चित्रपटात मांडणीच गोष्ट सांगते.' ती म्हणाली, "कुठली मांडणी, लाकडी की स्टीलची?"