लॅबमध्ये चालणारा प्रोग्रॅम लॅपटॉपवर लिंक होत नाही

राळेगावचा_पोरगा
नमस्कार. डिप्लोमाच्या प्रोजेक्टसाठी कापूस खरेदीच्या काट्याचा प्रोग्रॅम सी मध्ये लिहितोय. भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, त्यावरून निव्वळ क्विंटल आणि शेतकऱ्याची पट्टी. फायली तीन: मेन.सी, वजन.सी, हिशोब.सी. शिवाय वजन.एच ही हेडर फाईल, तिन्हींत इन्क्लूड केलेली.

व्हीएस कोड या एडिटरमधलं रनचं बटण दाबलं की 'अनडिफाइन्ड रेफरन्स टू निव्वळ_वजन' येतं. टर्मिनलवर तिन्ही फायली एकत्र दिल्या तर 'मल्टिपल डेफिनिशन ऑफ एकूण_क्विंटल'. हेडरला इफ-एन-डेफ लावलेलं आहे, तरीही. आणि हेच सगळं लॅबच्या उबुंटू (लिनक्स) 18.04 वर बिनतक्रार चालतं! माझ्याकडे 22.04 आहे. गावात लाईट रात्रीच टिकते, तेव्हा उत्तर उशिरा बघेन.

वरुडची_संत्री
बटण फक्त समोर उघडी असलेली फाईल कंपाइल करतं, म्हणून पहिली एरर. टास्क्सच्या फाईलमध्ये बदल कर किंवा टर्मिनलच वापर. दुसरीचं मला नाही सांगता येणार.

काटेवाला_हिंगणघाट
पाह्य भाऊ, मी जिनिंगच्या काट्याचेच प्रोग्रॅम लिवतो, तं जरा सविस्तर सांगतो.

तुह्या वजन.एच मंदी 'डबल एकूण_क्विंटल;' असं लिवलेलं असन. कंपायलर दर .सी फाईल वेगळी पाहते. इफ-एन-डेफ एकाच फाईलमंदी हेडर दोनदा घुसू देत नाही, बस. तीन फायलीत ते तीनदा जाते आन् तीन ठिकाणी व्हेरिएबल तयार होते. हेडर म्हंजे लग्नाची पत्रिका. पत्रिका घरोघरी वाटा, लगन एकाच मांडवात लागलं पायजे. म्हणून हेडरमंदी 'एक्सटर्न डबल एकूण_क्विंटल;' (म्हंजे व्हेरिएबल दुसरीकडं बनलेलं हाय) आन् फक्त वजन.सी मंदी 'डबल एकूण_क्विंटल = 0;'.

आता लॅबमंदी काऊन चालते? 18.04 वर जीसीसी (आपला सी कंपायलर) 7 हाय. जुना जीसीसी असे व्हेरिएबल 'कॉमन' म्हणून ठेवे आन् लिंकर (कंपाइल झालेल्या फायली जोडणारा) सारे एकात मिसळे. 2020 मंदी जीसीसी 10 आला, त्यानं हे डिफॉल्ट बदलवलं. 22.04 वर जीसीसी 11 हाय. पाहाचं असन तं 'एनएम वजन.ओ' चालव (एनएम कंपाइल झालेल्या .ओ फाईलमंदली नावं दाखवते): लॅबमंदी त्या नावापुढं सी अक्षर दिसन, तुह्या लॅपटॉपवर बी. नावापुढं यू दिसलं म्हंजे ते बाहेरून पायजे, टी दिसलं म्हंजे फंक्शन इथंच हाय. लिंकरची एरर आली का आंधी एनएम पाहजो, अर्धं काम तिथंच होते.

कोणी तुले सांगन का '-एफकॉमन' (जुनी 'कॉमन' पद्धत परत आणणारा पर्याय) लाव, एरर जाते. जाते, पण लावजो नोको. एका फाईलमंदी ते नाव डबल असन आन् दुसरीत चुकून इंट, तरी लिंकर चूप राहीन आन् दोघंही एकाच जागेत लिवतीन. शेतकऱ्याच्या पट्टीतला आकडा बिघडन आन् कोणाले पत्ता लागनार नाही. अशा कामात एररच बरी.

कमांड अशी दे:
जीसीसी -वॉल मेन.सी वजन.सी हिशोब.सी -ओ काटा -एलएम

-एलएम शेवटी. हिशोब.सी मंदी रुपये राउंड करत असशीन तं ते गणिताच्या लायब्ररीतून येते. उबुंटूवर -एलएम आंधी लिवलं तं लिंकर ती लायब्ररी सोडून देते, काहून का तवर ती कोणी मागितलेलीच नसते.

राळेगावचा_पोरगा
झालं दादा! एक्सटर्न केल्यावर मल्टिपल डेफिनिशन गेलं. राउंडची एरर आलीच, -एलएम शेवटी नेल्यावर तीही गेली. एनएम लावून दोन्ही मशीनवर बघितलं, लॅबमध्ये खरंच सी आहे.

एक विचारतो. सर म्हणतात स्क्रीनचा भाग सी प्लस प्लसमध्ये कर. मेन.सीपीपी केलं, जी प्लस प्लसने (सी प्लस प्लसचा कंपायलर) लिंक केलं, तर पुन्हा 'अनडिफाइन्ड रेफरन्स', तेही फंक्शन वजन.ओ मध्ये असताना!

काटेवाला_हिंगणघाट
वजन.ओ तू जीसीसीनं बनवली ना? सी प्लस प्लस फंक्शनच्या नावाले पॅरामीटरचे प्रकार चिकटवते, म्हणून मेन.ओ वेगळंच नाव मागते. एनएम लाव, दोन्ही नावं डोयानं दिसतीन. वजन.एच मंदी डिक्लेरेशनवर 'एक्सटर्न "सी"' चा कंस घाल आन् तो कंस '__सीप्लसप्लस' च्या इफ-डेफ मंदी ठेव, म्हंजे तेच हेडर सी लेही चालते.