बिडी सोडल्यावर खोकला उलट वाढतो का?

निपाणी भाग: मामांनी बिडी सोडली, पण आता कफ जास्त पडतोय, झोपही उडालीय. म्हणतात, बिडीच बरी होती की!

खानापूर: धुरानं श्वासनलिकेतले सूक्ष्म केस लुळे पडलेले असतात. ते परत हलू लागले की साठलेला कफ वर ढकलतात. काही आठवडे, कधी काही महिने चालतं. खोकला दाबणारं औषध नको, कोमट पाणी द्या. तरी २ आठवड्यांवर गेला तर थुंकी तपासून घ्याच, सरकारी दवाखान्यात टीबीची तपासणी फुकट आहे. कफात रक्त दिसलं तर थांबूच नका.

चिकोडीकर: झोपेचं बघा, चहा किती? धुरामुळे यकृत कॅफीन लवकर संपवतं. बिडी थांबली की तेवढाच चहा जास्त वेळ अंगात राहतो. कप निम्मे करा, दुपारनंतर बंद.

खानापूर: हे बरोबर. तलफ पहिले २-३ दिवस जोरात, मग उतरते. निकोटीन गम घेणार असतील तर उठल्यावर ३० मिनिटांत बिडी लागणाऱ्याला ४ मिलिग्रॅमची, बाकीच्यांना २ ची. सारखी चघळायची नाही. तिखट लागली की गालात दाबून ठेवायची. आधी १५ मिनिटं चहा नको, निकोटीन नीट शोषलं जात नाही.

निपाणी भाग: आणि तंबाखू-चुना?

चिकोडीकर: अजिबात नको हो. फुफ्फुसं सुटतील, तोंड अडकेल.