अलास्का क्रूझ: आईबाबांच्या केबिनचं डिपॉझिट रिफंडेबल घ्यावं का? कॅन्सलेशनचं गणित कुणी समजावेल का?

ह्यूस्टनची_नाशिककर

नमस्कार मंडळी. आम्ही ह्यूस्टनला राहतो, मी, नवरा आणि दोन मुलं. आईबाबा नाशिकहून मेच्या शेवटी येतायत आणि ऑगस्टमध्ये परत जाणार. बाबांची फार वर्षांची इच्छा आहे की एकदा हिमनदी डोळ्यांनी बघायची, म्हणून १८ जुलैला सिअॅटलहून निघणारी ७ रात्रींची अलास्का क्रूझ बघून ठेवलीय. ज्यूनो, स्कॅगवे, केचिकन आणि येताना कॅनडातलं व्हिक्टोरिया. दोन केबिन, एकात आम्ही चौघं, शेजारच्या बाल्कनीवाल्यात आईबाबा.

आता अडलंय ते डिपॉझिटवर. माणशी २५० डॉलर डिपॉझिट आहे, पण दोन दर दाखवतायत. एक नॉन-रिफंडेबल, आणि दुसरा रिफंडेबल जो आईबाबांच्या केबिनला २४० डॉलरने आणि आमच्याला ३०० डॉलरने महाग आहे. बाबा ७१ वर्षांचे, दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालीय, आत्ता ठणठणीत आहेत पण सांगता येत नाही ना. त्यात आईबाबा दोघांकडे अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा आहे पण कॅनडाचा नाहीये. नवरा म्हणतो स्वस्तातलं घे, नाहीच जमलं तर तारीख बदलू. मला वाटतं रिफंडेबल घेतलं की जूनमध्येसुद्धा रद्द करता येईल आणि सगळे पैसे परत मिळतील. बरोबर आहे का हे? अटींचं पान तीनदा वाचलं, दर वेळी नवीन काहीतरी सापडतं आणि जास्तच गोंधळ होतो. आईबाबा येऊ शकले नाहीत तर आम्हीही जाणार नाही, हे नक्की.

समुद्रकाठची

ताई, जूनमध्ये सगळे पैसे परत मिळतील हे आधी डोक्यातून काढा. कारण अगदी हाच समज माझाही होता आणि त्यापायी आमचे पैसे गेले.

रिफंडेबल फक्त डिपॉझिट असतं, आणि तेही फायनल पेमेंटच्या, म्हणजे उरलेलं सगळं भाडं भरायच्या, तारखेपर्यंतच. त्या तारखेनंतर तुम्ही रिफंडेबल घेतलंय की नॉन-रिफंडेबल, काही फरक पडत नाही, दोघांना एकच दंडाचा तक्ता लागतो. आमच्या करारात ७ रात्रींच्या बोटीला ९० दिवस आधी फायनल पेमेंट होतं. त्यानंतर ८९ ते ७५ दिवस आधी रद्द केलं तर भाड्याच्या २५ टक्के कापणार, ७४ ते ६१ मध्ये ५० टक्के, ६० ते ३१ मध्ये ७५ टक्के, आणि ३० दिवस किंवा कमी राहिले की सगळेच गेले. कंपनीप्रमाणे आकडे थोडे बदलतात, काहींचं फायनल पेमेंट १२० दिवस आधी असतं, म्हणून तुमचाच करार उघडून बघा.

आमच्या सासूबाई निघायच्या ४७ दिवस आधी बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. दोघांचं भाडं २,९०० डॉलर होतं, त्यातले २,१७५ कापले. मी फोनवर तासभर वाद घातला की अहो मी रिफंडेबल घेतलं होतं, जास्त पैसे भरले होते. पलीकडची मुलगी शांतपणे परत परत तीच तारीख सांगत राहिली. तिची काही चूक नव्हती, पण त्या दिवशी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये बसून ते ऐकताना फार त्रास झाला. परत मिळाले ते उरलेले २५ टक्के आणि टॅक्स, बंदरांची फी, आधी भरून ठेवलेली टिप. हे मात्र शेवटच्या दिवशी रद्द केलं तरी परत मागायचंच, बरेच जण विसरतात.

तिकीटखिडकी

न्यू जर्सीत एका ट्रॅव्हल एजन्सीत ११ वर्षं क्रूझचं बुकिंग करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. वरच्या ताईंनी सांगितलं ते तंतोतंत बरोबर आहे.

तुम्ही आणि तुमचे यजमान दोघंही दराकडे बघताय, मी म्हणेन आधी कॅलेंडर उघडा. ९० दिवसांचा नियम धरला तर १८ जुलैच्या बोटीचं फायनल पेमेंट १९ एप्रिलला येतं. २० एप्रिल ते ४ मे २५ टक्के, ५ ते १८ मे ५० टक्के, १९ मे ते १७ जून ७५ टक्के, आणि १८ जूनपासून पुढे शून्य परत. आता बघा, आईबाबा मेच्या शेवटी येणार म्हणजे ते विमानात बसायच्या आधीच तुम्ही ७५ टक्के दंडाच्या टप्प्यात आलेला असाल. समजा त्यांच्या केबिनचं भाडं ३,२०० डॉलर आहे, तर २,४०० अडकलेले. डिपॉझिटच्या ५०० पेक्षा ही रक्कम कितीतरी मोठी आहे आणि ती कुठल्याही दराने सुरक्षित होत नाही, ती फक्त इन्शुरन्सने होते, त्यावर खाली येतो.

डिपॉझिटचं गणित सोपं आहे. आईबाबांच्या केबिनला क्रूझला गेलात तर २४० डॉलर जास्त भरणार, आणि १९ एप्रिलपर्यंत रद्द केलंत तर ५०० डॉलर वाचणार. म्हणजे तोवर रद्द करावं लागण्याची शक्यता साधारण एक तृतीयांश किंवा जास्त वाटत असेल तरच ते परवडतं. पण तुमच्या केबिनला ३०० मध्ये चौघांचं १,००० डॉलर डिपॉझिट वाचतंय, आणि ते नसतील तर तुम्हीही जाणार नाही म्हणता, म्हणजे रद्द झालं तर दोन्ही एकदमच होणार. मग ५४० देऊन १,५०० राखताय असं धरा. व्हिसा हातात नसताना मी माझ्या घरच्यांसाठी रिफंडेबलच घेतलं असतं.

यजमान म्हणतात तारीख बदलू, तर नॉन-रिफंडेबलमध्ये बोट किंवा तारीख बदलली की माणशी दंड असतो, बऱ्याच ठिकाणी १०० डॉलर. सहा जणांचे ६००. वर नवीन तारखेचा त्या दिवशीचा जो भाव असेल तो द्यायचा, जुना दर तिथे चालत नाही. जुलैतून ऑगस्टमध्ये गेलात तर एक वेळ भाव सारखा असेल, पण राहिलेली केबिन कुठली मिळेल याची खात्री नाही. आणि हा बदलसुद्धा फायनल पेमेंटच्या आधीच, नंतर त्याला बदल म्हणत नाहीत, रद्द करून नवीन बुकिंग म्हणतात.

आणखी एक. दोन्ही केबिनचे बुकिंग नंबर वेगळे ठेवा, फक्त एकमेकांना जोडून घ्या म्हणजे जेवायला एका टेबलावर बसता येतं. आणि पैसे वाचतील म्हणून एका केबिनमध्ये आई आणि तुम्ही, दुसऱ्यात बाबा आणि जावई अशी नावं घालू नका, लोक असं करतात. दोघांच्या केबिनमधला एक गळाला की उरलेल्याला जवळजवळ दोघांचं भाडं लागू शकतं. आईबाबा एकत्र असले तर पूर्ण केबिन एका फटक्यात निघते, तुमच्या बुकिंगला हात लागत नाही.

सिअॅटलवासी

व्हिसाबद्दल बोलतो कारण इथे दर उन्हाळ्यात कुणा ना कुणाचे आईवडील यावरून अडकलेले ऐकतो. "व्हिक्टोरियाला आम्ही उतरणारच नाही, बोटीवरच बसू" असं केलं तरी भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा लागतोच, कारण बोट कॅनडात जाते. चेक-इनच्या काउंटरवर कागद बघतात, नसेल तर चढू देत नाहीत आणि भाड्याचा एक पैसा परत मिळत नाही, इन्शुरन्सवालेही बहुतेक वेळा हात वर करतात.

व्हिक्टोरिया टाळणारी बोट सिअॅटलहून शोधू नका. १८८६ चा एक अमेरिकन कायदा आहे, परदेशी झेंड्याच्या जहाजाला एका अमेरिकन बंदरातून उचललेले प्रवासी परदेशातल्या बंदराला न लागता अमेरिकेतच उतरवता येत नाहीत. आणि या मोठ्या बोटी जवळजवळ सगळ्या बहामा, पनामा अशा झेंड्यांच्या. म्हणून ती संध्याकाळची व्हिक्टोरिया.

कॅनडाची व्हिसा फी माणशी १०० कॅनेडियन डॉलर आणि बायोमेट्रिकचे ८५. आईबाबा नाशिकला आहेत तोवरच अर्ज करा, मुंबईला जाऊन बायोमेट्रिक देतील, मंजूर झाल्यावर शिक्क्यासाठी पासपोर्ट पाठवावा लागतो आणि तेवढे दिवस तो त्यांच्या हातात नसतो. आज अर्ज केलात तर १९ एप्रिलच्या आधी उत्तर यायची चांगली आशा आहे. तुम्हा दोघांकडे ग्रीन कार्ड असेल तर तुम्हाला व्हिसा नको, भारतीय पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही सोबत ठेवा.

ह्यूस्टनची_नाशिककर

बापरे, किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. हो, आमच्याकडे ग्रीन कार्ड आहे, मुलं इथलीच. व्हिसाचं मी एप्रिलमध्ये करणार होते, आजच बाबांना फोन करते.

तिकीटखिडकी दादा, इन्शुरन्सचं सांगा ना. आईबाबांसाठी दर वेळी व्हिजिटर इन्शुरन्स घेतोच, त्यात हे येतं ना? आणि बाबांच्या अँजिओप्लास्टीचं काय?

तिकीटखिडकी

नाही येत. व्हिजिटर इन्शुरन्स म्हणजे इथे आल्यावर आजारी पडलं तर दवाखान्याचा खर्च, क्रूझ रद्द झाल्याचे पैसे तो देत नाही. तुम्हाला ट्रिप इन्शुरन्स पाहिजे.

त्यात दोन गोष्टींना मुदत असते आणि ती पहिलं डिपॉझिट भरल्या दिवसापासून मोजतात, फायनल पेमेंटपासून नाही, इथेच लोक फसतात. जुना आजार असला तरी क्लेम मान्य होण्याची सवलत हवी असेल तर पॉलिसी बहुतेक कंपन्यांत पहिल्या डिपॉझिटपासून १४ ते २१ दिवसांत घ्यावी लागते, आणि त्या दिवशी माणूस प्रवासाला तब्येतीने फिट पाहिजे. बाबांसाठी हीच सगळ्यात महत्त्वाची. दुसरं म्हणजे कुठल्याही कारणाने रद्द करायची जास्तीची सोय, त्यालाही तीच मुदत. ती महाग पडते आणि पूर्ण पैसे देत नाही, ५० ते ७५ टक्के देते, आणि साधारण ४८ तास आधी तरी रद्द करावं लागतं. व्हिसा नाकारला, मन बदललं, अशा कारणांना तीच एक उपयोगाची.

आता अडचण. इथल्या बऱ्याच पॉलिसी अमेरिकेत राहणाऱ्यांनाच मिळतात. काही कंपन्या बाहेरच्या रहिवाशांना देतात, तर विकत घ्यायच्या आधी "विमा काढलेले दोघं भारतात राहतात" हे ईमेलवर लिहून होकार घ्या, फोनवरचं तोंडी चालत नाही. तुमच्या चौघांच्या पॉलिसीत बाबा हॉस्पिटलमध्ये गेले म्हणून तुम्ही रद्द केलं हे कारण बसतं का तेही विचारा, बहुतेकांत जवळच्या नातेवाइकाचं आजारपण बसतं, पण त्याने तुमच्याच केबिनचे पैसे मिळतील, त्यांच्या केबिनचे नाही.

कोथरूडहून

मध्येच लिहितोय. आम्ही गेल्या वर्षी बहिणीबरोबर जायला म्हणून पुण्यातून माझ्या कार्डवर डॉलरमध्ये डिपॉझिट भरलं होतं आणि मग रद्द केलं. डॉलर पूर्ण परत आले, पण रुपयांत कमी. बँकेने जाताना साडेतीन टक्के मार्कअप आणि त्यावर जीएसटी घेतला होता तो परत येत नाही, शिवाय परतीचा दर त्या दिवशीचा. बाबांना स्वतःच्या पैशाने तिकीट काढायचं असेल (आमचे बाबाही असेच हट्टी आहेत) तर आत्ता तुमच्या कार्डवर भरा आणि प्रवास झाल्यावर त्यांच्याकडून घ्या. रिफंड ज्या कार्डवरून भरलं त्याच कार्डवर येतो, तेव्हा मध्येच बंद होणारं कार्ड वापरू नका.

एक प्रश्न माझाही, कंपनीनेच बोट रद्द केली तर?

तिकीटखिडकी

मग हा वरचा तक्ता लागतच नाही. अमेरिकन बंदरातून निघणाऱ्या बोटींसाठी २०२२ मध्ये फेडरल मेरिटाइम कमिशनने नियम स्पष्ट केला, बोट रद्द झाली किंवा निघायला ३ दिवस किंवा जास्त उशीर झाला आणि तुम्हाला जायचं नसेल तर पैसे परत मागायचा हक्क आहे. कंपनी आधी पुढच्या क्रूझचं क्रेडिट पुढे करते, त्यावर थोडे जास्तही देते, ते घ्यायची सक्ती नसते. पण हवामानामुळे स्कॅगवे गाळलं किंवा हिमनदीजवळ जाता आलं नाही तर भाडं परत मिळत नाही, फार तर त्या बंदराची फी. बाबांना हे आधीच सांगून ठेवा ताई, अलास्कात धुकं आणि बर्फ बघून कॅप्टन रस्ता बदलतो.

ह्यूस्टनची_नाशिककर

अपडेट देते. एजंटने केबिन तीन दिवस होल्डवर ठेवून दिल्या होत्या, त्यामुळे शांतपणे ठरवता आलं. दोन्ही केबिन रिफंडेबल घेतल्या, बुकिंग नंबर वेगळे. एजन्सी स्वतःची वेगळी कॅन्सलेशन फी घेते का तेही विचारलं, माणशी ५० घेतात म्हणाली, मी मोठं बुकिंग आहे म्हटल्यावर लिहून माफ केली. दर उतरला तर फायनल पेमेंटच्या आधी कमी करून देते असंही ईमेलमध्ये घेतलंय.

आईबाबांचे व्हिसाचे अर्ज भरले, पुढच्या आठवड्यात मुंबईला बायोमेट्रिक. एका इन्शुरन्स कंपनीचा भारतातल्या रहिवाशांसाठी लेखी होकार आलाय, डिपॉझिटपासून नवव्या दिवशी पॉलिसी काढली. १० एप्रिलचा गजर माझ्या आणि नवऱ्याच्या, दोघांच्या फोनवर लावलाय. तोवर व्हिसा नाही आला तर दोन्ही केबिन सोडून द्यायच्या असं आत्ताच ठरवलंय, म्हणजे तेव्हा वाद नको.

ज्यूनोची व्हेल बघायची सहल आत्ता घेऊ की थांबू?

समुद्रकाठची

आत्ता घ्या, ती भरून जाते. क्रूझ कंपनीकडून घेतलेली सहल निघायच्या काही दिवस आधीपर्यंत दंड न लागता रद्द होते, तुमच्या कंपनीची मुदत तेवढी बघून ठेवा. बाहेरच्या बोटवाल्याकडून घेतलीत तर त्याची अट वेगळी, आणि तुमची बोट ज्यूनोला लागलीच नाही तर तो पैसे देतो का हे नीट वाचा. आणि बाबांसाठी कानटोपी घ्या, जुलैतही त्या छोट्या बोटीत वारा फार बोचतो.