किशोरवयीन नायिकेला सगळं ‘दिसतं’, मग रहस्य उरतं कुठे?

शाल्मली (वाई)

नमस्कार मंडळी,

कुमारांसाठी एक रहस्यकादंबरी लिहायला घेतली आहे. वाचक साधारण तेरा ते सतरा वयाचे. नायिका मुक्ता दहावीत आहे, राहते वाईत. एखादी वस्तू हातात घेतली की ती शेवटी ज्याने हाताळली त्याचा एक क्षण तिला दिसतो. आवाज नाही, नुसतं चित्र, तेही दोन-तीन सेकंदांचं. घरात हे फक्त आजीला ठाऊक आहे आणि आजीने तिला सक्त ताकीद दिली आहे की कुणाजवळ बोलायचं नाही.

शेजारच्या वाड्यातला नऊ वर्षांचा ओम गणपती घाटावरून नाहीसा होतो. सगळे धरून चालतात की कृष्णेत बुडाला. तिसऱ्या प्रकरणात पायरीवर पडलेली त्याची चप्पल मुक्ता उचलते आणि तिला दिसतो तिच्याच क्लासमधल्या सरांचा हात. मनगटावरचं घड्याळ ओळखीचं.

गाडं इथे अडलंय. ज्या दोन मैत्रिणींना वाचायला दिलं त्या दोघींनी एकच विचारलं: मग ही सरळ पोलिसांना का सांगत नाही? आणि सांगितलं तर चौथ्या प्रकरणात कादंबरी संपते.

दुसरी अडचण घरातली. माझा मोठा भाऊ साताऱ्यात अंनिसचं (अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं) काम करतो. तो म्हणाला, “आम्ही गावोगाव फिरून पोरांच्या डोक्यातून जे काढतोय, तेच तू छापून परत घालणार का?” मला त्याचं म्हणणं टाळून पुढे जायचं नाही. आणि मुक्ताची शक्ती शेवटी ‘सगळे भास होते’ म्हणून काढूनही घ्यायची नाही, कारण तशा शेवटाने वाचणाऱ्या मुलांना फसवल्यासारखं वाटतं.

अशा कथा वाचलेल्यांनी, लिहिलेल्यांनी जरूर सांगा.

---

धूम्रकेतू

शाल्मलीताई, मुक्ताला फार दिसतंय. ते कमी करा. घड्याळ ओळखीचं आहे असं तिला लगेच कळू देऊ नका. बाही दिसू दे, बाहीवर शाईचा डाग दिसू दे. तो डाग कुणाचा, हे तिने शाळेत, क्लासात, बाजारात डोळ्यांनी शोधायचं. शक्तीने प्रश्न द्यावा, उत्तर मात्र तिने पायपीट करून मिळवावं.

प्रत्येक वेळी काहीतरी किंमतही मोजायला लावा. डोकं ठणकणं वगैरे जुनं झालं. तिच्या स्वतःच्या आठवणीतला तेवढाच एक क्षण पुसला जातो असं केलं तर? प्रत्येक वस्तू उचलताना वाचकाचा जीव टांगणीला लागेल.

दहावीचं वर्ष आहेच. मार्चमधली परीक्षा म्हणजे आयती मुदत, ती वापरा.

---

ग्रंथपाल बाई (मिरज)

धूम्रकेतूंची सूचना चांगली आहे, पण माझ्या मते अडचण शक्तीच्या मापात नाही. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते आणि ग्रंथालयही माझ्याकडेच आहे. मुलं अशी पुस्तकं का मागतात ते रोज पाहते. ‘पुढे काय घडणार हे हिला कळेल का’ यात त्यांचा जीव अडकत नाही. ‘हिचं कोण ऐकणार, आणि ऐकलं तर हिचं काय करणार’ यात अडकतो. त्या वयाचं रोजचं दुखणंच ते आहे. आपल्याला काहीतरी नक्की माहीत असतं आणि खोलीतल्या मोठ्या माणसांना ते ऐकायचं नसतं. किंवा भलत्याच कारणासाठी ऐकायचं असतं.

म्हणून मुक्तापेक्षा तिच्याभोवतीच्या मोठ्यांवर जास्त पानं खर्च करा असं सुचवते. खऱ्या इतिहासात याचे धडे भरपूर आहेत.

न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड्सव्हिल गावात मार्च १८४८ मध्ये मॅगी आणि केट फॉक्स या दोन लहान बहिणींनी घरात ठकठक आवाज काढले आणि मृतात्मा उत्तरं देतो असं सांगितलं. पोरींची खोडी तिथेच संपली असती. पण थोरली बहीण लिया त्यांना रॉचेस्टरला घेऊन गेली आणि नोव्हेंबर १८४९ मध्ये तिकडच्या कॉरिंथियन हॉलमध्ये तिकीट लावून प्रयोग झाले. त्यातून एक अख्खा पंथ उभा राहिला. १८८८ मध्ये मॅगीने न्यूयॉर्कच्या रंगमंचावर बूट काढून दाखवलं की आवाज पायाच्या बोटांच्या सांध्यांचा होता. पुढच्याच वर्षी तिने ती कबुली मागे घेतली. दोघी बहिणी हलाखीत गेल्या. यातली खलनायिका कोण, हे मी नववीच्या मुलांना विचारलं तेव्हा जवळजवळ सगळ्यांनी लियाचं नाव घेतलं. मुलांना हे बरोबर कळतं.

दुसरं प्रकरण याहून नाट्यमय आहे. विमानं बनवणारे उद्योगपती जेम्स मॅकडॉनेल यांनी १९७९ मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाला अतींद्रिय शक्तींच्या संशोधनासाठी पाच लाख डॉलर दिले. प्रयोगशाळेचे प्रमुख पीटर फिलिप्स हे भौतिकशास्त्रज्ञ. जेम्स रँडी या जादूगाराने तिथे दोन पोरं धाडली, स्टीव्ह शॉ आणि मायकल एडवर्ड्स, दोघंही अठराच्या आसपासचे. चमचे मनाने वाकवतो असं सांगून ते आत शिरले. कुठला चमचा कुठला हे कळावं म्हणून दोऱ्याने बांधलेल्या चिठ्ठ्या ते गुपचूप अदलाबदल करायचे. मग पुन्हा मोजमाप केलं की चमचा ‘वाकलेला’ निघायचा! रँडीने प्रयोगशाळेला आधीच पत्र लिहून खबरदारीच्या सूचना कळवल्या होत्या. शिवाय ठरलं होतं की कुणी थेट विचारलं, तुम्ही फसवताय का, तर त्याच क्षणी खरं सांगायचं. १९८३ मध्ये रँडीने पत्रकार परिषदेत सगळं उघड केलं.

या मुलांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. आपण खोटं करतोय. समोरचा माणूस सज्जन आहे, आपल्याला जपतो. त्याने एक प्रश्न विचारला की सुटलो, आणि तो विचारत नाही. मला तरी यात खुनापेक्षा जास्त रहस्य दिसतं.

आणि परदेशात तरी कशाला जायचं? मिडब्रेन ॲक्टिव्हेशनचे क्लास आपल्याकडच्या शहरांतून मध्यंतरी किती निघाले होते. डोळ्यांवर पट्टी बांधून मूल वाचतं, रंग ओळखतं, म्हणून पालक हजारो रुपये भरत. आमच्या आठवीतला एक मुलगा अशा क्लासला जायचा. वर्गात त्याने पट्टी बांधून पेपरचे मथळे वाचून दाखवले, टाळ्या पडल्या. नाकाच्या दोन्ही बाजूंना पट्टीखाली फट राहते, तिथून खालचं दिसतं. कागद कपाळाच्या वर धरला की संपलं. मी वर्गात तसं केलं नाही. मधल्या सुट्टीत त्याला ग्रंथालयात बोलावलं आणि नुसतं विचारलं, “बाळा, खालून दिसतं ना?” तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “बाई, बाबांनी कर्ज काढून फी भरलीय.”

शाल्मली, तुमच्या भावाला हे सांगा. अंनिसच्या कार्यकर्त्यांनी भानामतीची जी प्रकरणं उलगडली त्यांतही हेच निघत आलं आहे. घरावर दगड पडतात, कपडे पेट घेतात, अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उमटतात, आणि मागे बहुतेकदा घरातलंच कुणीतरी असतं, दुःखाने कोंडलेलं. पुष्कळदा सून किंवा वयात आलेली मुलगी. कार्यकर्ते तिचं नाव चारचौघांत फोडत नाहीत, तिच्याशी एकांतात बोलतात. इतकं शहाणपण अंगी असलेला एक माणूस तुमच्या कादंबरीत आला तर भावाचा आक्षेपच कादंबरीचं बळ होईल.

म्हणजे असं करा. मुक्ताला खरोखर दिसू दे. पण तिच्या गावात, तिच्याच वयाचा एक मुलगा ‘दिसतं’ म्हणून पैसे कमावतोय, किंवा त्याच्या नावावर त्याचा काका कमावतोय. ओम हरवल्यावर गाव त्या मुलाकडे धावतं. तो सांगतो, पूर्वेला शोधा. मुक्ताला माहीत आहे की तो खोटं बोलतोय. हे ती कशाच्या जोरावर सांगणार? तिचा पुरावाही त्याच जातीचा आहे.

---

शाल्मली (वाई)

बाई, तुमचा प्रतिसाद मी भावाला वाचून दाखवला. तो आधी गप्प होता, मग त्याने भानामतीच्या एका घराबद्दल जे सांगितलं ते इथे लिहिणार नाही, पण माझ्या मुक्ताची आजी त्यातून बदलली आहे. तिने नातीला गप्प का बसवलं, हे मला आता कळलं.

तो खोटं सांगणारा मुलगा मी घेतेय. नाव सुजय ठेवलंय. मुक्ता आणि तो एकाच बाकावर बसून पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरतात असा प्रसंग काल लिहिला.

धूम्रकेतू, बाहीवरचा शाईचा डागही घेतला. मात्र आठवण पुसली जाण्याची कल्पना नको वाटते. मुक्ताकडे आधीच फार थोडं आहे.

आता कायद्याचं कुणी सांगेल का? पोलिसांचा भाग मला खरा हवा आहे. आणि ‘जादूटोणाविरोधी’ कायदा अशा पुस्तकाला लागतो का?

---

कोर्टपायरी

वकिली करतो म्हणून लिहितो.

२०१३ चा महाराष्ट्राचा कायदा लोकांना फसवणं, छळणं, चमत्काराच्या नावावर पैसे काढणं अशा कृत्यांसाठी आहे. गोष्ट लिहिण्याला तो लागत नाही. उलट सुजयच्या काकाला लागू शकेल, तेव्हा तो तुमच्या कथेतच वापरा. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात अंनिसच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्यानंतर हा कायदा वटहुकूम म्हणून आधी आला, हे सातारा-वाईकडच्या पात्रांच्या बोलण्यात सहज येईल. ते तुमच्या भागातलेच.

हरवलेल्या मुलाबद्दल: त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचा आणि अपहरण झालं आहे असं गृहीत धरून तपास करायचा. त्यामुळे ‘बुडाला असेल’ म्हणून फौजदार हात झटकतोय असा प्रसंग लिहिलात तर तो त्याची चूक म्हणून लिहा. नुसती रीत म्हणून सोडून देऊ नका.

आता मुक्ता. तिला जे ‘दिसलं’ त्याला पुरावा म्हणून काडीची किंमत नाही. पण तिने सांगितलेल्या जागी ओमची वस्तू सापडली तर पोलिसांचा पहिला प्रश्न असेल, पोरी, तुला हे कसं कळलं? साक्षीदार म्हणून आलेली मुलगी तिथेच संशयाच्या वर्तुळात जाते. मैत्रिणींच्या ‘सांगत का नाही’ला हे साधं, खरं उत्तर आहे.

अजून एक. साक्षीदार म्हणून जबाब घ्यायला बाईमाणसाला किंवा पंधरा वर्षांखालच्या मुलाला ठाण्यावर बोलावता येत नाही, ती राहते तिथे जावं लागतं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम १६० होतं, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत १७९. तरतूद तिच्या संरक्षणासाठी आहे. पण तुमच्या गोष्टीत याचा अर्थ असा की पोलिसांची गाडी मुक्ताच्या बोळात येणार आणि सरांना संध्याकाळपर्यंत कळणार की पोलीस कुणाकडे गेले होते.

---

धूम्रकेतू

वकीलसाहेब, हा शेवटचा परिच्छेद म्हणजे पाचवं प्रकरणच झालं!

---

ग्रंथपाल बाई (मिरज)

गाडी बोळात येण्याचा प्रसंग लिहाच, आणि तो आजीच्या बाजूने लिहा.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली होती. या प्रकारात लिहायचं असेल तर अमेरिकन लेखिका लोइस डंकन माहीत असायला हव्यात. १९८४ मध्ये त्यांची एक कुमार-कादंबरी आली. नायिका शाळेच्या शेवटच्या वर्षातली, हरवलेली मुलं तिला ‘दिसतात’ आणि एक तरुण पोलीस तिची मदत मागतो. पाच वर्षांनी, जुलै १९८९ मध्ये, डंकन यांच्या स्वतःच्या अठरा वर्षांच्या मुलीला अल्बुकर्कीमध्ये गाडी चालवत घरी येताना कुणीतरी गोळ्या घातल्या. पोलिसांच्या तपासावर त्यांचा विश्वास बसला नाही. त्या खऱ्याखुऱ्या ‘अतींद्रिय शक्ती’वाल्यांकडे गेल्या आणि १९९२ मध्ये त्यांनी या शोधावर पुस्तक लिहिलं. २०१६ मध्ये त्या वारल्या. २०२१ मध्ये एका माणसाने खुनाची कबुली दिली.

मला ही हकिगत अनेक दिवस सोडत नव्हती. त्या आईला मी दोष देऊ शकत नाही. ओमची आईही सुजयकडे जाईल, गेलीच पाहिजे, आणि तिला मूर्ख करू नका. काका पैसे मोजत असताना तिने सुजयचा हात धरून ‘नीट बघ रे बाळा’ म्हणावं. त्या क्षणी सुजयला खोटं सांगणं अवघड होईल की सोपं, हे तुम्हीच ठरवा. माझ्या मते तो खोटं सांगेल, पण दया आली म्हणून. नेमकं त्या खोट्यामुळे शोध पूर्वेला वळेल आणि ओमचे दोन दिवस वाया जातील. हे मुक्ताला कळतं, सुजयलाही कळतं. कादंबरीतली खरी झुंज इथून पुढे त्या दोघांची आहे, सर तर निमित्त.

शेवटाबद्दल एकच विनंती: ओम जिवंत सापडू दे. माझ्याकडची मुलं वाईट शेवट पचवतात, पण नऊ वर्षांचं मूल मेलं तर पुस्तक पुन्हा उघडत नाहीत.

पहिली पाच प्रकरणं झाली की कळवा. नववी ‘ब’ला शनिवारच्या तासाला वाचून दाखवीन आणि कुठे कंटाळले, कुठे दप्तर भरायचं थांबले, ते सगळं तुम्हाला लिहून पाठवीन.