आजोबांच्या निगेटिव्ह: पुसू का, आणि कशात ठेवू?

आंबोळी: चिपळूणच्या घरी माळा आवरताना आजोबांची ट्रंक निघाली. आत दोनेकशे निगेटिव्ह. बऱ्याचशा चौकोनी आहेत, त्यांच्या आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्याच्या. बाकी ३५ एमएमच्या पट्ट्या. वर्तमानपत्रात गुंडाळून वर डांबराच्या गोळ्या टाकलेल्या. काहींवर पांढरी जाळी धरलीय, एका पुडीला चक्क व्हिनेगरचा वास येतोय. आई म्हणते, ओल्या फडक्याने पूस. जाणकार, काय करू?

घाटवाट: आधी आईंना थांबवा! ती जाळी बुरशीची. फिल्मवरचा चित्राचा थर जिलेटिनचा असतो, बुरशी तेच खाते आणि उरलेलं पाण्यात विरघळतं. ओलं फडकं फिरवलंत तर आजोबा फडक्यावर येतील. कोरडा मऊ ब्रश, हवा मारायचा रबरी फुगा, बास. तेही गॅलरीत बसून, मास्क लावून. एकमेकींना चिकटलेल्या असतील तर ओढू नका.

वासाची पुडी आजच वेगळी करा. अ‍ॅसिटेट नावाच्या प्लास्टिकची फिल्म कुजू लागली की अ‍ॅसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलंच आम्ल, सुटतं, आणि त्या आम्लानेच कुजणं आणखी वाढतं. शेजारच्या निगेटिव्हनाही ते बाधतं. हे उलटवता येत नाही, थंडाव्यात फक्त मंदावतं. म्हणून स्कॅनिंगला पहिला नंबर याच पुडीचा. तोवर घट्ट झाकणाच्या डब्यात कोंडू नका.

खारवलेली_मिरची: १९५० च्या आधीचं काही असेल तर कडेला 'सेफ्टी' छापलंय का बघा. नसेल तर ती नायट्रेटची, म्हणजे जुन्या प्रकारची फिल्म असू शकते, आणि ती भयंकर पेट घेते. पुण्यात २००३ साली चित्रपट संग्रहालयाची नायट्रेट रिळं जळाली होती. क्लिक थ्रीच्या निगेटिव्हना ही भीती नाही.

आंबोळी: बापरे. 'सेफ्टी' दिसतंय. मग ठेवू कशात? स्टेशनरीवाल्याकडे प्लास्टिकचे पारदर्शक कप्पे मिळतात.

घाटवाट: ते बहुधा पीव्हीसीचे, नकोत. पॉलिप्रॉपिलीनचे किंवा आम्लरहित कागदाचे घ्या. वर्तमानपत्र, रबरबँड, डांबरगोळ्या सगळं बाहेर. लाकडी पेटीपेक्षा लोखंडी कपाट बरं, पण भिंतीला चिकटून खालचा कप्पा नको. पावसाळ्यात ओल शोषणारं सिलिका जेल ठेवा आणि रंग बदलला की बदला. कोकणात ते महिनाभरही टिकत नाही, स्वानुभव.

पाटावरवंटा: चांगल्या निगेटिव्ह फ्रीजमध्येही राहतात, दोन झिपलॉक पिशव्यांत. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, रात्रभर तशीच राहू द्या, नाहीतर दव धरतं.

स्कॅनिंगसाठी वरून उजेड देणारा फ्लॅटबेड स्कॅनर हवा, साधा ऑफिसचा चालत नाही. चौकोनी निगेटिव्हला २४०० डीपीआय (इंचाला २४०० ठिपके) पुष्कळ. मी एका स्टुडिओत दिल्या होत्या, परत आल्या तेव्हा अर्ध्यांवर ओरखडे आणि बोटांचे ठसे. तेव्हापासून घरीच करतो.

खारवलेली_मिरची: आणि स्कॅन झालं म्हणून मूळ फेकू नका! आमच्याकडे फेकल्या, पुढे हार्डडिस्क गेली. पाकिटावर नावं पेन्सिलीने लिहा, निगेटिव्ह आत सरकवण्याआधी.

आंबोळी: सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली. वासाची पुडी खिडकीतल्या टेबलावर आणलीय. आई एकेक उजेडात धरून बघतेय, उलट्या रंगांतही माणसं ओळखतेय. आतापर्यंत अकरा नावं सांगितली. एका लग्नातल्या नवऱ्यावरून मात्र मावशीशी फोनवर वाद चाललाय.