शाळेतल्या मुलांना पाणी तपासायला शिकवायचंय, आमचा भाग पाण्यात फ्लोराईड जास्त असलेला आहे. कसं करावं?

वऱ्हाडची_लेक

नमस्कार मंडळी. मी केळापूर तालुक्यात (पांढरकवडा) एका संस्थेसोबत काम सुरू केलंय. सातवी ते नववीच्या मुलांना पिण्याच्या पाण्याची गुणवत्ता शिकवायची, जिल्हा परिषदेच्या शाळा आणि आश्रमशाळा दोन्हीकडे. संस्थेने फील्ड टेस्ट किट दिलंय आणि सोबत एक प्रेझेंटेशन. प्रेझेंटेशनचा काही उपयोग होत नाही. पीएच म्हणजे काय, टीडीएस म्हणजे काय, मुलं वहीत उतरवून घेतात आणि सुट्टी झाली की त्याच लाल रंग मारलेल्या हातपंपावर ओंजळीने पाणी पितात. लाल म्हणजे पिण्यास अयोग्य, हे सगळ्यांना पाठ आहे. पण दुसरा पंप वस्तीच्या पार पलीकडे, आणि लाल पंपाचं पाणी नितळ, थंडगार.

35 मिनिटांच्या तासात नेमकं काय करावं? बऱ्याच मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे आहेत, तो विषय कसा काढावा? आणि एका मुख्याध्यापकांनी आधीच सांगितलंय, "मॅडम, रिपोर्ट वाईट आला तर ते आमच्यावर येईल." त्यांना काय उत्तर द्यावं?

जुना_गटसमन्वयक

ताई, मी किनवट भागात पाणी व स्वच्छतेच्या कामात गट संसाधन केंद्रात बरीच वर्षं काढली. तुमच्या शेजारचाच पट्टा, दुखणंही तेच. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

किटमधल्या सगळ्या चाचण्या दाखवत बसू नका. तुमच्याकडे सुरुवातीला दोनच घ्या, फ्लोराईड आणि एचटूएसची बाटली (पाण्यात मैल्याची घाण आहे का ते दाखवणारी). या दोन चाचण्यांचे निकाल बहुतेक वेळा एकमेकांच्या उलटे येतात, आणि "नितळ ते चांगलं" ही समजूत तिथेच सुटते.

आदल्या दिवशी मुलांना सांगा, घरी पितात ते पाणी धुतलेल्या बाटलीत आणायचं. बाटलीवर चिठ्ठी लावायची: वस्ती कोणती, विहीर की बोअर की नळ, बोअर असेल तर किती फूट. फूट मुलांना ठाऊक नसतं, आजोबांना असतं. बोअर कोणत्या दुष्काळात मारली, पाणी किती फुटांवर लागलं, सगळं ते सांगतात आणि घरात विषय आपोआप निघतो. शाळेच्या पटांगणात रांगोळीने गावाचा नकाशा काढा, नाला, देऊळ, शाळा, विहिरी, पंप. ज्याची त्याने बाटली आपल्या जागी ठेवायची. मग चाचणी. बऱ्याच किटमध्ये रंग गुलाबीकडून पिवळ्याकडे सरकतो. जितकं पिवळं तितकं फ्लोराईड जास्त. रंगपट्टीशी ताडून आकडा मुलांनीच बोलायचा. आयएस 10500 या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 ही शेवटची हद्द.

नकाशावर बहुतेक वेळा खोल बोअर पिवळ्या दिसतात आणि उथळ विहिरी गुलाबी. पाणी खडकात जितकं जास्त काळ मुरलं, तितकं खडकातलं फ्लोराईड त्यात उतरतं. विहिरीत दर पावसाळ्यात नवं पाणी येतं. हे फळ्यावर सांगण्याची गरजच पडत नाही, पोरं नकाशाकडे बघून स्वतः बोलतात.

आता एचटूएस. यासाठी घरून आणलेली बाटली चालत नाही, पाणी थेट स्रोतावरून घ्यायचं. हातपंप असेल तर आधी थोडा वेळ उपसून घ्या. खुणेपर्यंत भरा, झाकण लावा, वर्गात उबदार जागी ठेवा. 24 ते 48 तासांत पाणी काळं पडलं तर त्यात मैल्याची घाण आहे असं धरायचं. आणि इथे विहिरीची बाटली काळी पडते! "मग प्यायचं तरी कुठलं?" हा प्रश्न मुलांकडून आला की तुमचा तास झाला असं समजा. उत्तर असं: जंतू उकळून मरतात, टीसीएलने (ब्लीचिंग पावडरने) मरतात. फ्लोराईड उकळून जात नाही, उलट पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण वाढतं. कँडलच्या फिल्टरनेही जात नाही. म्हणून पिण्याला आणि स्वयंपाकाला विहिरीचं पाणी टीसीएल टाकून, आणि आंघोळीला, कपड्यांना बोअरचं. काळी पडलेली बाटली मुलांना उघडू देऊ नका. तुम्ही स्वतः त्यात टीसीएलचं पाणी घाला, ठेवून द्या, मग ओता. किटमधली रसायनंही थेंबाथेंबाने तुमच्याच हाताने.

दातांचं. वर्गात कुणालाही दात दाखवायला सांगू नका, फोटो तर अजिबात नको. मुली आधीच हसताना तोंडावर ओढणी घेतात. ते पट्टे फ्लोराईडमुळे, कायमचे दात हिरडीच्या आत तयार होत असताना पडतात, साधारण आठ वर्षांच्या आत. मंजनाने जात नाहीत, आणि नीट दात न घासल्यामुळे आलेलेही नाहीत. हे वर्गात सगळ्यांसमोर, कुणाकडेही न बघता सांगा. त्या पोरांनी आयुष्यभर "घासत नाहीस का" हेच ऐकलेलं असतं. पुढचं सांगा की पाणी आज बदललं तर धाकट्या भावंडांचे दात वाचतात आणि यांची स्वतःची हाडं वाचतात. हाडांचं दुखणं वर्षानुवर्षं तेच पाणी पिऊन येतं, आणि त्यावर पाणी बदलण्याइतका दुसरा चांगला उपाय नाही.

मुख्याध्यापकांना सांगा, किटचा आकडा हा "रिपोर्ट" नव्हे, तो अंदाज आहे. रिपोर्ट प्रयोगशाळेचा. पिवळं दिसलं की जलसुरक्षकामार्फत (गावच्या पाण्याची देखरेख करणारा) नमुना उपविभागीय प्रयोगशाळेत जायला हवा. त्यासाठी तासाच्या आधीच ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) आणि जलसुरक्षक यांना भेटून घ्या. जल जीवन मिशनमध्ये गावोगावी पाच महिलांना किट वापरायचं प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे, त्यांच्यातली एखादी वर्गात बोलवा. ती बहुधा कुणाची तरी आई नाहीतर काकू निघते. निकाल ऐकून घ्यायला गावात कुणीच तयार नसेल, तर मुलांच्या हातात किट देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. पोरगं घरी जाऊन "आपलं पाणी वाईट आहे" म्हणतं, बाप विचारतो "मग काय करू?", आणि त्याला उत्तर देणारं कुणी नसतं. हे त्या पोरावर टाकू नये.

गणिताचे_सर

गटसमन्वयक साहेबांचं बहुतेक पटलं, एक भर घालतो. कापसाच्या पट्ट्यात नायट्रेट सोडू नका. विहिरीला लागून गोठा किंवा उकिरडा असतो, शेतात युरिया पडतो, आणि ते सगळं उथळ विहिरीतच उतरतं. मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम, तिथे सवलत नाही. नायट्रेटही उकळून जात नाही, आणि तान्ह्या बाळांना त्याचा सगळ्यात जास्त धोका. म्हणजे "विहीर चांगली" असं सरसकट सांगून मोकळं होता येत नाही, प्रत्येक विहीर तपासावी लागते.

मी आठवीला गणित शिकवतो. वृत्तचितीचं घनफळ आलं की वर्ग विहिरीवर नेतो, पण आधी कठडा बघतो, नसेल तर मुलं लांब. व्यास दोरीने मोजतो, पाण्याची खोली दोरीला दगड बांधून. समजा व्यास 3 मीटर, पाणी 4 मीटर. 3.14 × 1.5 × 1.5 × 4 म्हणजे 28.26 घनमीटर, 28,260 लिटर. हजार लिटरला 5 ग्रॅम टीसीएल धरली तर साधारण 141 ग्रॅम. पावडर बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणीच विहिरीत सोडायचं. अर्ध्या तासाने ओटी चाचणी (पाण्यात क्लोरीन उरलाय का ते दाखवणारी), पिवळा रंग आला का ते लगेच बघायचं. थांबलं तर रंग गडद होत जातो आणि आकडा फसवा येतो. घरच्या नळाला क्लोरीन लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम हवा. आमच्याकडे तो आकडा रोज परिपाठात एक मुलगी वाचून दाखवते. आकडा शून्य आला त्या दिवशी दुपारपर्यंत सगळ्या गावाला कळलेलं असतं.

आणि शाळेच्या खिचडीचं पाणी विचारा. पिण्याचं पाणी बदलतात, पण तांदूळ-डाळ लाल पंपावरच शिजते. स्वयंपाक करणाऱ्या ताईंशी आधी बोला, पाणी लांबून आणायचं तर त्यांचंच काम वाढतं. आमच्या शाळा व्यवस्थापन समितीत हा प्रश्न त्यांच्या बाजूने मांडला, तेव्हा कुठे टाकीपर्यंत पाइप आला.

वऱ्हाडची_लेक

सर, साहेब, दोघांचे मनापासून आभार. खिचडीचं माझ्या डोक्यातच नव्हतं. एक अडचण राहते. आश्रमशाळेतली मुलं वसतिगृहात राहतात, घरचं पाणी आणणार कुठून? आणि कोलाम या आदिवासी समाजाच्या मुलांपैकी लहान वर्गातली काही माझं मराठी ऐकून घेतात, पण बोलत नाहीत.

जुना_गटसमन्वयक

आश्रमशाळेत शिकवण्याआधी तिथलीच टाकी तपासा. पोरं दिवसरात्र, जेवणासकट त्याच एका पाण्यावर असतात, म्हणून तिथला नमुना आधी प्रयोगशाळेत पाठवा. बाटल्यांचा खेळ दिवाळीच्या सुट्टीनंतर ठेवा. सुट्टीला जाताना प्रत्येकाला रिकामी बाटली आणि चिठ्ठी द्या, येताना पोडावरचं (कोलामांच्या वस्तीवरचं) पाणी घेऊन येतील. फ्लोराईडला दोन-चार दिवसांनी फरक पडत नाही, प्लास्टिकची बाटली मात्र घ्या.

बोलण्याचं म्हणाल तर नववीच्या दोन कोलाम मुलींना आधी स्वतंत्र शिकवा आणि नकाशावर त्यांनाच उभं करा. त्या कोलामीत, म्हणजे त्यांच्या भाषेत सांगतील, तुम्ही फक्त थेंब टाका. किटच्या बाटल्यांवरची मुदत बघून घ्या, आणि किट उन्हात गाडीत ठेवू नका, रसायनं बिघडतात आणि रंग खोटा येतो.